शांतिदूतांचे हवालदार झाले, आता काय करू?

ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. शाळा पाचवी ते दहावी. गेल्या उन्हाळ्यात एका शिबिरात ‘मुलांची भांडणं मुलांनीच सोडवायची’ ही कल्पना ऐकली, फार आवडली, आणि मुख्याध्यापकांच्या मागे लागून मी ती आमच्याकडे सुरू केली. प्रत्येक वर्गातली हुशार, शिस्तीची दोन-दोन मुलं निवडली, एका शनिवारी दोन तास प्रशिक्षण दिलं आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर सगळ्यांसमोर त्यांना ‘शांतिदूत’ लिहिलेले बिल्ले लावले.

दिवाळीपर्यंत त्यांचं नाव ‘हवालदार’ पडलं होतं. एका शांतिदूतानं तर मधल्या सुट्टीत दोघांना उठाबशा काढायला लावल्या. त्यांच्याकडे मुलं येतात ती भांडण सोडवायला नाही, ‘याचं नाव लिही’ म्हणून सांगायला.

दुसरी गोष्ट जास्त मनाला लागली आहे. सातवीतल्या एका मुलाला त्याच्याच वर्गातली तीन-चार मुलं रोज त्रास देत होती. डबा पळवणं, दप्तर लपवणं, त्याच्या चालण्याची नक्कल करणं. शांतिदूतांनी त्यांना समोरासमोर बसवलं, कागदावर सह्या घेतल्या, हात मिळवायला लावले. मला वाटलं, मिटलं. दोन आठवड्यांनी त्याची आई आली. मुलगा शाळेत यायला तयार नाही. सगळं तसंच चालू होतं, त्यानं सांगायचं तेवढं बंद केलं होतं.

मुख्याध्यापक म्हणतात, किती भांडणं मिटवली तो आकडा द्या, वार्षिक अहवालात घालू, नाहीतर हे बंद करा. स्टाफरूममध्ये ‘मुलंच सगळं करणार तर आम्ही पगार कशाचा घ्यायचा?’ असा विनोद रोज होतो. आणि गेल्या आठवड्यात नववीतल्या एका शांतिदूत मुलीनं बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला. ‘बाई, मला हे नको’ एवढंच म्हणाली. बंद करून टाकू का?

– एक शिक्षिका

*

बाई, नमस्कार.

शाळेत होते तेव्हा मलाही सगळे बाईच म्हणायचे, म्हणून एका बाईंनी दुसऱ्या बाईंशी बोलावं तसंच लिहिते. बंद करायचं का, ते नंतर बघू. आधी तो सातवीतला मुलगा.

तो सह्यांचा कागद रद्द करा. उद्याच. त्याच्या घरी जा, नाहीतर मुलं नसतील अशा वेळी त्याला आईबरोबर शाळेत बोलवा, आणि स्वच्छ सांगा: तुला त्यांच्यासमोर बसवलं ही माझी चूक झाली, त्या सहीला काही अर्थ नाही, हवा तर कागद फाडून टाक. बाईंनी मुलाची माफी मागायची म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात. उंचावू देत. एकदा विश्वास टाकून तोंडघशी पडलेला मुलगा पुन्हा बोलता व्हायचा असेल, तर सुरुवात तुम्हालाच करावी लागणार.

मग त्या तीन-चार जणांशी बोला, पण एकेकट्याशी. एकत्र बोलावलंत तर ती एकमेकांकडे बघून हसतील आणि तुमचं बोलणं तिथंच संपेल. एकट्यात बहुतेक जण ‘मी नाही, तो करतो’ म्हणतात. म्हणू द्या. इथून पुढे काय चालणार नाही ते सांगा, त्यांच्या आईवडिलांना कळवा, आणि जिथं हे घडतं तिथं पुढचे काही आठवडे रोज कुणीतरी मोठं माणूस उभं राहील अशी व्यवस्था करा. ती जागा सहसा वर्ग नसते. पाण्याच्या टाकीमागे, मुतारीच्या वाटेवर, सायकल स्टँडला, शाळा सुटल्यावर एसटीच्या थांब्यावर. मुलाला विचारा, तो वेळेसकट सांगेल. आणि तो शाळेत परत आला की पहिल्या दिवशी त्याच्या शेजारी कोण बसणार हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा.

आता चूक कुठे झाली ते. शांतिदूत मुलांची चूक नाही. भांडण आणि त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यापुढे दोन्ही एकाच ताटात वाढल्या गेल्या. भांडणात दोघांचेही हात गुंतलेले असतात, त्यामुळे दोघांकडेही सोडण्यासारखं थोडंफार असतं. मध्यस्थ मुलं विचारतात, ‘हे थांबावं म्हणून तू काय करशील?’ हा प्रश्न तुमच्या त्या मुलाला कसा ऐकू आला असेल? तो काय करणार होता? वेगळं चालणार होता?

हे नुसतं माझं मत नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी शाळांतली दादागिरी रोखणाऱ्या निरनिराळ्या देशांतल्या कार्यक्रमांचा एकत्रित अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. एकंदरीत अशा कार्यक्रमांनी त्रास कमी झालेला दिसला. पण ज्या कार्यक्रमांत हे काम समवयस्क मुलांवर सोपवलं होतं, म्हणजे मध्यस्थी, सोबती नेमणं वगैरे, तिथं त्रास सोसणाऱ्यांचं प्रमाण उलट वाढलेलं आढळलं. म्हणून दादागिरीची प्रकरणं मुलांच्या मध्यस्थीला द्यायची नाहीत, हे या क्षेत्रातली जाणती माणसं आता ठामपणे सांगतात.

तेव्हा पहिलं काम कुंपण घालायचं. एकावर अनेक असतील, किंवा पुन्हा पुन्हा तेच चाललं असेल, तर ते मुलांकडे जायचं नाही. हाड मोडलं, रक्त आलं, हत्यार निघालं, तर नाही. जातीवरून, धर्मावरून, अपंगत्वावरून बोललं गेलं असेल तर नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातलं तर मुळीच नाही. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली, घरी मारहाण होते असं सांगितलं, तर मध्यस्थी तिथल्या तिथे थांबवून मोठ्या माणसाकडे यायचं.

नको तिथे हात लावणं, मोबाइलवर तसले फोटो मागणं किंवा फिरवणं, यात तर मध्यस्थी हा शब्दसुद्धा उच्चारू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायलाच हवं. ‘आपल्या शाळेचं नाव खराब होईल, आपसात मिटवू’ म्हणणाऱ्यांना कलम २१ मध्ये शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर ती एक वर्षापर्यंतची कैद आहे. न कळवल्याबद्दलची ही शिक्षा मुलांना लागू होत नाही, हेही त्याच कलमात आहे. तरीही ‘बाई, आम्हाला माहीत होतं पण आम्ही मिटवलं’ हे ओझं तेरा वर्षांच्या पोरावर का टाकायचं? १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक वर्गाच्या दारावर लावा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी नेमलेली शाळेची सखी सावित्री समिती फाइलीत असेलच, तिला जरा फाइलीबाहेर काढा.

कुंपण घातलं तरी एखादं प्रकरण साधंसुधं भांडण बनून आत येतंच. मी माझ्या शाळेत असंच मुलांच्या मध्यस्थीचं काम सुरू केलं, तेव्हा पहिल्याच वर्षी आलं. आठवीतल्या दोन जिवलग मैत्रिणींनी अबोला धरला होता. मध्यस्थ मुलींनी त्यांना बसवलं, दोघी रडल्या, कागदावर लिहिलं: ‘आम्ही रोज एकत्र डबा खाऊ.’ तो कागद मी स्टाफरूममध्ये कौतुकानं वाचून दाखवला होता. तीन आठवडे दोघी रोज शेजारी बसल्या. मग शाळेतल्या मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यातली एक मधल्या सुट्टीच्या आधीच आपला भरला डबा भिंतीपलीकडे कुत्र्याला घालते. रोज.

दुसरीच्या आजीनं सांगितलं होतं, तिच्या डब्यातलं खायचं नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. करार झाल्यापासून पहिली रोज डबा पुढे करायची आणि दुसरी रोज ‘पोट भरलंय’ म्हणायची. शेवटी पहिलीनं पुढे करायला काही शिल्लकच ठेवायचं नाही असं ठरवलं.

मध्यस्थीच्या वेळी दुसरी एक वाक्य बोलली होती, ‘घरी आवडत नाही.’ मध्यस्थ मुलीनं ते ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारला. तिचा दोष नाही, तिला शिकवणारी मीच होते. त्यानंतर मी प्रशिक्षणात ‘थांबायची वाक्यं’ शिकवायला लागले. ‘घरी आवडत नाही.’ ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ ‘ते तसलं काहीतरी म्हणाले.’ ‘काही नाही, माझंच चुकलं.’ यातलं एखादं कानावर आलं की पेन खाली ठेवायचं, ‘हे आपण बाईंना विचारू’ म्हणायचं, आणि यायचं. त्या आजीपर्यंत पोचायला मला दिवाळी उजाडली. पोचूनही सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही.

आता हवालदार. तुम्ही शिस्तीची मुलं निवडलीत, त्यांना झेंड्याखाली बिल्ले लावलेत आणि प्रशिक्षण दिलंत दोन तासांचं. बाई, याला आपण वर्षानुवर्षं मॉनिटर म्हणत आलो आहोत. फळ्यावर नावं लिहिणारा मॉनिटर. मुलांनी जुन्या ओळखीच्या माणसाला बरोबर ओळखलं, एवढंच झालं. उठाबशांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षकांनाच मना करतं. बिल्ला लावलेल्या पोराला तो अधिकार कुठून आला? त्यानं तो कुठे पाहिला हेही जमलं तर शोधा, बहुधा व्हरांड्यातच सापडेल.

आपल्या अंगात मध्यस्थापेक्षा पंच जास्त मुरलेला आहे. पाचामुखी परमेश्वर म्हणतो आपण. पंच बसतात, दोघांचं ऐकतात आणि निकाल देतात. क्रिकेटमध्येही पंचच असतो, बोट वर केलं की माणूस तंबूत. मध्यस्थाकडे द्यायला निकालच नसतो, हे मुलांच्या गळी उतरवणं हाच प्रशिक्षणाचा नव्वद टक्के भाग. बाकी शिकवायला सोपं आहे.

आणखी एक बघा. आपण भांडण ‘मिटवतो’. पाटीवरची अक्षरं मिटवावीत तसं, वरून हात फिरवून. ‘सॉरी म्हण, हात मिळव, चला वर्गात.’ याउलट गाठ किंवा गणित आपण ‘सोडवतो’, त्याला वेळ लागतो आणि ते ज्याचं त्यानंच सोडवावं लागतं. मी माझ्या मुलांना मध्यस्थीत ‘सॉरी’ हा शब्द मागायला बंदी घातली होती. आपणहून आला तर येऊ दे, मागायचा नाही.

नीट जमलेली एक मध्यस्थी सांगते, म्हणजे बोलायला बरं पडेल. सहावीतली दोन मुलं कबड्डीवरून मारामारीवर आली होती. एकाचा शर्ट खांद्यापासून खिशापर्यंत फाटलेला. दोघांनाही विचारलं, बसायचं का? दोघं हो म्हणाले. ‘नाही’ म्हणायची मुभा असते, आणि ती खरी असावी लागते. वाचनालयाच्या कोपऱ्यात चार स्टुलं. मध्यस्थ नेहमी दोन, इथं सातवीतली एक मुलगी आणि एक मुलगा, दोघंही या दोघांच्या वस्तीतले नाहीत. सुरुवातीला तीन कबुल्या घेतल्या: दुसरा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, शिवी नाही, आणि इथलं बाहेर सांगायचं नाही, पण कुणाच्या जिवाला धोका वाटला तर आम्ही बाईंना सांगणार.

मी पलीकडच्या कपाटाआड पुस्तकं लावत होते. कान अर्थातच तिकडे.

पहिला म्हणाला, ‘यानं माझा शर्ट फाडला.’ मध्यस्थ मुलगी म्हणाली, ‘म्हणजे तुझा शर्ट फाटला आणि तुला राग आला.’ ‘राग नाही,’ तो म्हणाला, ‘मला एकच शर्ट आहे.’ सगळे गप्प. मग तिनं ‘अजून काही?’ असं विचारलं. हा एक प्रश्न मी त्यांच्याकडून घोटून घेतला होता. तो म्हणाला, ‘आई धुणंभांड्याला जाते, ती रात्री येऊन शिवत बसेल.’

दुसऱ्याची पाळी आली. ‘मी आउट नव्हतो. यानं सगळ्यांसमोर मला लबाड म्हटलं. मी लबाड नाही.’ मुलगा-मध्यस्थ म्हणाला, ‘तुला आउट दिलं याचा राग आला.’ ‘आउट दिल्याचा नाही. लबाड म्हटल्याचा.’ बघा, इथं मध्यस्थ चुकला आणि समोरच्यानं त्याला दुरुस्त केलं. आपण त्याचं बोलणं आपल्या शब्दांत परत सांगतो ते यासाठीच. बरोबर सांगितलं तर तो मोकळा होतो, चुकीचं सांगितलं तर खरं काय ते बाहेर पडतं.

मग विचारलं, आता काय झालं म्हणजे तुम्हाला बरं वाटेल? त्यानंतर जी शांतता पसरली ती मला कपाटाआड सोसवेना, दोनदा पुढे यायला पाय उचलला. नाही आले, हे त्या वर्षातलं माझं सगळ्यात चांगलं काम. शर्ट फाडणारा म्हणाला, ‘माझ्या आत्याकडे शिलाई मशीन आहे. आज संध्याकाळी दे, उद्या सकाळी आणतो.’ पहिला थोडा वेळ स्टुलाचा पाय खरवडत बसला आणि म्हणाला, ‘हा आउट नव्हता. मी उद्या ग्राउंडवर सांगतो.’

लिहून घेतलं: कोण, काय, कधीपर्यंत. सही. आठ दिवसांनी पुन्हा पाच मिनिटं भेटायचं ठरलं. सगळं वीसेक मिनिटांत. बाई, मी असते तर शर्टाची भरपाई दिली असती, दोघांना समज दिली असती आणि ‘लबाड’ हा शब्द माझ्यापर्यंत पोचलाही नसता.

निवडीचं सांगते. परत निवड करा, पण तुम्ही करू नका. वर्गात चिठ्ठ्या द्या: तुझं कुणाशी वाजलं तर मनातलं कुणाला सांगशील, दोन नावं लिही. जी नावं येतील ती पाहून तुम्ही चकित व्हाल. पहिल्या पाचातली एकदोन असतील, आणि शेवटच्या बाकावरचा एखादा असेल ज्याला तुम्ही आठवड्यातून तीनदा बाहेर उभं करता. त्याला घ्या. भांडणं कशी पेटतात हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मुली-मुलगे, वेगवेगळ्या वाड्यावस्त्यांतली, ऊसतोडीला बाहेर जाऊन आलेली, हॉस्टेलवर राहणारी, अशी सरमिसळ या चिठ्ठ्यांतून तुम्ही करायची. तेवढाच तुमचा हात.

एक वाद या क्षेत्रात जुना आहे. मोजक्या मुलांना मध्यस्थ करायचं की सगळ्यांनाच शिकवायचं? मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांचं म्हणणं असं की सगळ्या वर्गाला शिकवा आणि पाळीपाळीनं प्रत्येकाला मध्यस्थ होऊ द्या. म्हणजे बिल्लेवाल्यांची जातच तयार होत नाही. मला ते पटतं, पण सहाही इयत्तांवर एकदम झेप घेऊ नका. सहावी आणि सातवीचा एकेक वर्ग घ्या. आठवीपर्यंतच्या वर्गांना आनंददायी शनिवार हा उपक्रम आहेच, त्यातली चाळीस मिनिटं मागून घ्या, आठ शनिवार. भाषणं अजिबात नकोत, भांडणं करून दाखवायची. रबर पळवण्यापासून सुरू करा, मग ग्रुपमधून काढून टाकल्याचं, मग इन्स्टावरच्या स्टोरीचं. भांडणाऱ्यांचं काम करायला पोरांत चढाओढ लागते, मध्यस्थ व्हायला सुरुवातीला कुणी तयार नसतं. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी चित्र पालटतं.

हे सगळं काही नवं नाही. १९७२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी शाळांतून मुलांना हे शिकवायला घेतलं, आणि १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत शेजाऱ्या-शेजाऱ्यांची भांडणं सोडवणाऱ्या एका संस्थेनं आपली पद्धत शाळेतल्या मुलांच्या हाती दिली. तिथंही हवालदार झालेच असणार.

मुख्याध्यापकांच्या आकड्याकडे येऊ. त्यांच्यावर रागावू नका, त्यांच्याकडे वरून कुणीतरी आकडाच मागत असतं. पण त्यांना एक आठवण करून द्या. १५ ऑगस्ट २००७ पासून आपल्या राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटावेत, कोर्टकचेऱ्या वाचाव्यात, चांगलं काम करणाऱ्या गावाला बक्षीस. कल्पना चांगली होती आणि अनेक ठिकाणी वर्षानुवर्षांचे बांधाचे वाद सुटलेही. पण बक्षिसाचा बोर्ड लागायचा म्हटल्यावर एखादी तक्रार वेशीच्या आतच राहावी असं कुणाला वाटलं नसेल, हे मला पटवून द्यायला फार कष्ट पडतील. आकडा मागितला की आकडा मिळतो. तुमच्या सातवीतल्या मुलाची सहीसुद्धा त्या आकड्यात एक म्हणून धरली गेली असती.

म्हणून आकडे द्या, पण वेगळे द्या. किती मुलं आपणहून आली. किती करार पंधरा दिवसांनंतरही पाळले जात होते. आणि किती वेळा मुलं मध्येच थांबून मोठ्यांकडे आली. तिसरा आकडा सरांना अपयशाचा वाटेल, त्यांना सांगा की पालकसभेत अभिमानानं वाचायचा तोच आहे. नोंदवहीत फक्त तारीख, इयत्ता आणि हे तीन रकाने. कोण, कशावरून, काय बोललं, यातलं काहीच नाही. करार मुलांकडे राहू द्यात, मध्यस्थांच्या टिपणांचे कपटे तिथंच फाडायचे. अहवालासाठी हात मिळवतानाचा फोटो मागितला गेला तर तेवढा नाही म्हणा.

स्टाफरूमचं फार मनावर घेऊ नका. विनोद करणाऱ्या सरांकडून दोनच गोष्टी मागा. एक, जे प्रकरण मुलांकडे पाठवलं त्याबद्दल वर पुन्हा शिक्षा करायची नाही. दोन, मध्यस्थ मुलांना गाठून ‘काय रे, काय म्हणत होता तो?’ असं विचारायचं नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे, आपल्याला सगळ्यांना चहाबरोबर तेच लागतं. एखाद्या सरांना शनिवारच्या नाटकात भांडखोर मुलाची भूमिका देऊन बघा. आमच्याकडे सगळ्यात जास्त नाकं मुरडणारे पीटीचे सर त्या भूमिकेत असे शिरले की शेवटी मुलांनाच त्यांना ‘सर, आता दुसऱ्याची पाळी’ म्हणावं लागलं. पुढच्या शनिवारी ते आपणहून आले.

तर बंद करायचं का? आहे हे बंद करा. बिल्ले काढून घ्या, पण परिपाठात जाहीर करून नाही; ज्यांनी ते लावले त्यांना एकत्र बसवून सांगा की घाई आम्ही मोठ्यांनी केली. उठाबशा काढायला लावणाऱ्यालाही त्यातच बसवा. मग उरलेलं सत्र मोकळं जाऊ द्या आणि जूनमध्ये दोन वर्गांपासून नव्यानं सुरू करा. दुसरं नाव मुलांनाच ठेवू द्यात. आमच्या मुलांनी ‘कट्टा’ ठेवलं होतं. ‘कट्ट्यावर बसायचं का?’ असं विचारायला कुणालाच लाज वाटायची नाही.

पण त्याआधी त्या नववीतल्या मुलीशी बोला. आठवड्याभराच्या आत, नाहीतर ती समजेल की बिल्ला परत घेण्यापलीकडे तुम्हाला काही वाटलं नाही. माझा अंदाज विचाराल तर तिच्यासमोर असं काहीतरी आलंय जे तिला पेललं नाही, किंवा तिला असा निकाल द्यायला लावलाय जो तिला पटला नाही. दोन्ही नसेल, आणि नुसत्या ‘हवालदारीण’ म्हणण्याला कंटाळली असेल, तरी तुमच्या योजनेत काय बिघडलं हे तुमच्याआधी तिला कळलंय. तुमच्या तासाला बोलवू नका, शिपायाकरवी निरोप धाडू नका. शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालत जा आणि विचारा, ‘तुला काय दिसलं?’ ती बोलली तर मध्ये बोलू नका. नाही बोलली तर दुसऱ्या दिवशीही चालत जा.